गोठ्याच्या भिंतीला सिमेंट का सोसत नाही?

गेल्या अंकात जुन्या शेतघरांविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बरीचशी पत्रं गोठ्याबद्दलची आहेत, आणि याचा आम्हाला आनंद आहे. इंदूरच्या राजवाडा, लालबाग, छत्रीबाग यांच्या डागडुजीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. शेतातल्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, गोठ्याबद्दल कोणी लिहीत नाही, आणि पाडला जातो तो तोच.

प्रश्न : सांवेरजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे. तिथला गोठा २८ फूट लांब, १४ फूट रुंद. जोतं काळ्या दगडाचं, भिंती मातीच्या, दीड फूट जाड, वर देशी कवेलू. दहा-बारा वर्षांपूर्वी भिंतींचा खालचा भाग झडायला लागला म्हणून आतून-बाहेरून तीन फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. आता प्लास्टरच्या वरची माती झडते आहे, आणि मागच्या लांब भिंतीवर ठोकलं तर पोकळ वाजतं. पांढरी बुरशीही दिसते. गवंडी म्हणतो, पाडा आणि पत्र्याची शेड उभारा. दोन माळवी बैल आणि तीन गाई अजून तिथेच बांधतो. काय करावं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : पाडू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून भिंत म्हातारी झालेली नाही, तिचा ओलावा कोंडला गेला आहे. हा फरक नीट समजून घेतला की पुढचं काम काय करायचं ते आपोआप कळतं.

मातीची भिंत जमिनीतलं पाणी थोडं वर ओढतेच. पूर्वी ते पाणी पहिल्या फूट-दीड फुटातच दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर उडून जायचं. तेवढा पट्टा झडायचा, दर दिवाळीला त्यावर शेणमातीचा हात फिरायचा, की पुढचं वर्ष निभायचं. तुम्ही तीन फुटांपर्यंत सिमेंट लावलंत आणि पाण्याची बाहेर पडायची वाट बंद केलीत. पाणी थांबलं नाही, ते सिमेंटच्या मागून तीन फुटांवर चढलं आणि तिथून बाहेर पडू लागलं. म्हणून आता झड तिथे आहे. मागची माती मात्र वर्षभर ओली राहून भुसभुशीत झाली, आणि प्लास्टरचं कवच तेवढं उभं राहिलं. पोकळ आवाज त्याचाच.

गोठ्यात याला क्षारांची जोड मिळते. जनावरांचं मूत्र जमिनीत मुरतं, जंतूंच्या क्रियेने त्यातल्या युरियाचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होतं. हाच शोरा. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा शोरा गोठ्याच्या आणि जुन्या पांढरीच्या (गावठाणाच्या) मातीतूनच काढत. हा क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून पाझरतो, हिवाळ्यात वाळून त्याचे खडे होतात, आणि ते खडे वाढताना मातीचे कण एकमेकांपासून सुटतात. दरवर्षी एक पापुद्रा जातो. तुम्हाला दिसतेय ती बुरशी नसून बहुधा हाच क्षार, म्हणजे लोणा, आहे. ओलं बोट घासून पाहा. विरघळला तर लोणा, नुसता चिकटून पसरला तर बुरशी.

आता काम. सगळ्यात आधी छपराचा भार कशावर आहे ते पाहा. माळव्यातल्या अशा गोठ्यांत बहुतेक वेळा आढं (छपराच्या शेंड्याचं आडवं लाकूड) आणि तुळया लाकडी मेढींवर, म्हणजे खांबांवर, असतात, भिंत नुसती आडोशाची असते. मेढी भिंतीत गाडलेल्या असतील तर त्यांच्या बुडाशी पेचकस टोचून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधावा. सांधा अर्ध्याला अर्धा, लांबी खांबाच्या रुंदीच्या निदान तिप्पट, आरपार दोन बोल्ट. खाली दगडी तळखडा जमिनीपासून सहा इंच वर येईल असा बसवा, म्हणजे पुन्हा ओल लागणार नाही. भिंतच भार वाहत असेल तर दर पाच-सहा फुटांवर तुळईखाली टेकू दिल्याशिवाय प्लास्टरला हात लावू नका.

सिमेंट काढताना घण वापरायचा नाही. छिन्नीने वरच्या कडेपासून वीतभर चौकोन कापत खाली या. एका वेळी चार फूट लांबी उघडायची, पुढचे चार फूट सोडायचे, मग पुन्हा चार. सगळी भिंत एकदम उघडलीत तर आतली पोकळी मोठी असेल तिथे भिंत बसते. हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा. उघडी भिंत तशीच दोन-अडीच महिने वाळू द्या. घाई इथेच नडते : ओल्या भिंतीवर नवं लिंपण केलं की पहिल्याच पावसाळ्यात ते ताटासारखं सुटून येतं.

या काळात लोणा भराभर वर येईल. घाबरू नका, तो बाहेर येतोय हेच हवं आहे. खाली गोणपाट अंथरून कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाण्याने धुऊ नका, धुतलेला क्षार पुन्हा आत मुरतो. मग दोन भाग बारीक वाळू आणि एक भाग पिवळी माती मळून अर्धा इंच लेप द्या, वाळून सुटू लागला की काढून टाका. असे दोन लेप पुरतात, फार खारावलेल्या जागी तीन. काढलेला लेप पुन्हा कुठल्याही भिंतीत वापरू नका.

पोकळ झालेला भाग भरायला कच्च्या विटाच घ्या, भाजलेल्या विटा आणि सिमेंट नको. कडक तुकडा आणि मऊ भिंत वेगवेगळ्या आकसतात आणि सांध्यावर फटतात. ढासळलेली माती चौकोनी खाचेत कापून काढा, म्हणजे विटेला सपाट बैठक मिळेल. मागच्या भिंतीचा हिशोब असा धरू : २८ फूट लांब, दोन फूट उंच आणि सरासरी नऊ इंच खोल, म्हणजे ४२ घनफूट. १२ × ६ × ४ इंचाच्या विटा एका थरात लांबीने आणि पुढच्या थरात आत शिरतील अशा लावल्या की खोली सरासरी नऊ इंच येते आणि जुन्या भिंतीत त्या गुंततात. सांध्यांचा चिखल वजा जाता सुमारे २२० विटा लागतील. फुटतूट धरून २५० पाडा आणि निदान तीन आठवडे वाळवा. आठवड्यानंतर आडव्याच्या उभ्या करून फिरवायला विसरू नका. सगळ्यात वरच्या थराला बोटभर फट सोडा. खालचं बांधकाम आठ-दहा दिवसांत आकसून बसलं की त्या फटीत घट्ट चिखल आणि कवेलूचे तुकडे ठोकून भरा. ही फट आधीच भरली तर नवा भाग खाली बसतो आणि वरची जुनी भिंत अधांतरी राहते. तुमच्या घरी काम करणारा माणूस ही पायरी गाळेल, तेव्हा तिथे उभे राहून करून घ्या.

माती कोणती? शेतातली काळी नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. गावाच्या पांढरीची माती पूर्वी सर्रास वापरत, पण तीत क्षार असतात, तेव्हा गोठ्यासाठी पिवळी किंवा मुरमाड माती बरी. परीक्षा साधी आहे. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ घालून पाच मिनिटं हलवा. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा तासाभरात, चिकण दुसऱ्या दिवसापर्यंत. चिकणाचा थर एकूण मातीच्या पाचवा ते चौथा हिस्सा असेल तर माती भिंतीजोगी. दुसरी परीक्षा हाताची : मळलेल्या मातीची अंगठ्याएवढी जाड वळी करून टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. दोन ते सहा इंचांवर तुटली तर ठीक. त्याआधी तुटली तर चिकण कमी, बरीच लांब लोंबली तर वाळू कमी.

लिंपणासाठी तीन घमेली पिवळी माती, एक घमेलं चाळलेला बारीक मुरूम आणि एक घमेलं गव्हाचा भुसा. भिजवून पाच ते सात दिवस ठेवा, रोज एकदा तुडवा. आंबूस वास यायला लागला की तयार. पहिला हात पाऊण इंच. त्याला केसासारख्या भेगा पडतील, पडू द्या, दुसरा हात त्यांतच धरतो. दुसरा हात पाव इंच, त्यात भुसा बारीक आणि चार भाग मातीला एक भाग ताजं शेण. हे माघ-फाल्गुनात उरका. वैशाखाच्या उन्हात लिंपण वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि उलून येतं.

एवढं करूनही जमीन तशीच राहिली तर पाच-सात वर्षांत पुन्हा हेच होईल. आत जनावरांच्या मागे एक फूट रुंद दगडी नाली करा, उतार दर ४० फुटांना एक फूट, तोंड भिंतीबाहेर खड्ड्यात. दर जनावराला साडेतीन ते चार फूट रुंदी धरली तर पाच जनावरांना २० फूट पुरतात. उरलेले आठ फूट भुशाला ठेवा. आडभिंत घालून, म्हणजे जनावरांचा दमटपणा भुशात जाणार नाही. बाहेरची जमीन वर्षानुवर्षं उकिरड्याने आणि भरावाने चढलेली असते. ती जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान फूटभर खाली आणा, भिंतीपासून चार फुटांपर्यंत बाहेरच्या बाजूला उतार द्या. पागोळ्या पडतात त्या रेषेवर वीतभर खोल चर खणून गिट्टी भरा, नाहीतर शिंतोडे उडून भिंतीच्या पायाला रोज अंघोळ होते.

मातीची जमीन ठेवायची असेल तर इंदूरचीच एक रीत उपयोगी पडेल. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची जी पद्धत बसवली ती आज जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. त्या पद्धतीत गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती हा खताचा एक मुख्य घटक होता. ती तीन-चार महिन्यांनी सहा इंच खोल खणून काढायची, नवी कोरडी माती टाकून ठोकायची, आणि काढलेली माती राखेबरोबर कचऱ्याच्या थरांवर पसरायची. शेताला नत्र मिळतं आणि तेच नत्र भिंतीत शोरा होऊन चढत नाही. गोठ्याची भिंत आणि खताचा खड्डा हे एकाच हिशोबाचे दोन रकाने आहेत. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जमीन सिमेंटची झाली की हा हिशोबच बंद होतो.

पत्र्याच्या शेडबद्दल थोडं. पत्रा मे महिन्यात तापतो, पावसात बडबडतो, आणि हलका असल्यामुळे जूनच्या वावटळीत उचलला जाऊ नये म्हणून त्याला पायापासून बांधून घ्यावं लागतं. मातीच्या भिंतीवर नुसता ठेवून चालत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या धान्यघराचं छप्पर देशी कवेलूचं आहे. वानरं येतात, कवेलू फुटतात, दर पावसाळ्यात गळतं. कुंभार आता कवेलू करत नाहीत. मंगलोरी कवेलू घालावेत का? की खाली पत्रा टाकून वर जुनेच कवेलू ठेवावेत? (महू)

उत्तर : खाली पत्रा टाकू नका. कवेलूंच्या फटींतून हवा खेळते म्हणून वासे कोरडे राहतात. पत्रा टाकला की पहाटे त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं, ते वाशांवर ठिबकतं, आणि वर कवेलू-पत्र्याच्या मधल्या जागेत पालापाचोळा आणि उंदीर. आठ-दहा वर्षांत बांबू काळे पडून मोडतात आणि वरून काहीच दिसत नाही.

मंगलोरी कवेलू चांगले, पण ते सरळ चिरलेल्या पट्ट्यांवर बसतात, चौरस मीटरला साधारण १५, पट्ट्यांमधलं अंतर सव्वा फुटाच्या आत. तुमचे वासे गोल आणि वाकडेतिकडे असणार. त्यावर मंगलोरी कवेलू डुगडुगतात आणि चारही कोपऱ्यांतून पाणी घेतात. म्हणजे बदल करायचा तर वाशांपासून सगळं बदलावं लागेल. वजनाचा प्रश्न मात्र नाही : देशी कवेलू एकेरी घातलेले पट्ट्यांसकट चौरस मीटरला ७० किलोच्या आसपास भरतात, मंगलोरी ६५. दुहेरी देशी मात्र १२० पर्यंत जातात, त्यामुळे गळतंय म्हणून कोणी वर आणखी एक थर चढवायला सांगितला तर आधी आढ्याकडे बघा.

आमचा सल्ला असा. आधी गळतीचं कारण शोधा. ऊन असताना आत जाऊन दार लावा आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथल्या वाशावर खडूने खूण करा. बऱ्याच ठिकाणी कवेलू फुटलेला नसतो, सरकलेला असतो. शाकारणी मृगाच्या निदान दोन आठवडे आधी उरकायची. कवेलूंवर थेट पाय देऊ नका, शिडी पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, आडवी टाकून तिच्यावरून फिरा. फुटतात त्यातले पुष्कळसे दुरुस्ती करणाऱ्याच्याच पायाखाली फुटतात.

देशी कवेलू एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असतो, कारण कुंभार चाकावर निमुळती नळी काढून ती ओलसर असतानाच उभी चिरतो, एका नळीचे दोन कवेलू. मांडणीत नेमकी हीच गोष्ट चुकते. खालचा कवेलू, म्हणजे ज्यातून पाणी वाहतं तो, उताणा आणि रुंद तोंड वर. त्याचं अरुंद टोक खालच्या कवेलूच्या रुंद तोंडात बसतं. वरचा झाकणीचा कवेलू पालथा आणि रुंद तोंड खाली. वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जायचं, एकावर एक निदान तीन बोटं चढवायचं. उलट लावला तर पाणी प्रत्येक सांध्यावर अडखळतं आणि आत उतरतं.

उतारही मोजा. दर दोन फूट आडव्याला निदान एक फूट चढ हवा, थोडा जास्त असेल तर बरं. आढं बाकल्यामुळे मधला उतार कमी झाला असेल तर कितीही कवेलू बदललेत तरी मधोमध गळणारच. आधी आढ्याखाली मेढ देऊन ते उचलून घ्या. एका दिवसात बोटभरापेक्षा जास्त नको.

वानरांसाठी आढ्यावरचे, दोन्ही कडांचे आणि वळचणीच्या पहिल्या दोन ओळींतले कवेलू चुन्याच्या मिश्रणात बसवा. वानर कडेवरूनच चढतं आणि आढ्यावरच बसतं. सगळं छप्पर चुन्यात घट्ट करू नका, पुढे एक कवेलू बदलायला दहा फोडावे लागतील.

नव्या कवेलूंसाठी, एक चौरस मीटर जागेतले कवेलू उतरवून मोजा म्हणजे एकूण गरज कळेल. पडलेल्या गोठ्यांचे कवेलू विकत मिळतात. घेताना एकेक वाजवून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर चीर आहे. जुना-नवा माल मिसळायचा तर रुंदी सारखी असलेले एका पाख्यावर लावा, दोन आकार एका ओळीत कधीच नीट बसत नाहीत.

प्रश्न : काळ्या जमिनीत आठ बाय दहाची छोटी अवजारांची खोली मातीच्या भिंतीत बांधायची आहे, जुन्या रीतीने. शेजाऱ्यांची भिंत दुसऱ्याच वर्षी कोपऱ्यावर उभी फाटली. पाया किती खोल घ्यावा? (देपालपूर)

उत्तर : मे महिन्यात शेतातल्या भेगेत बारीक गज सोडा. जिथपर्यंत सहज जातो तिथपर्यंत जमीन दरवर्षी हलते. पाया त्याच्याखाली हवा, आणि पाच फुटांच्या आत मुरूम लागत असेल तर थेट मुरमावर. खोल जायची सोय नसेल तर खोलीची जागाच बदला, चढावर जिथे काळ्या मातीचा थर पातळ आहे तिथे. जुन्या माणसांनी गोठे आणि कोठ्या शेताच्या मधोमध न बांधता माळरानाच्या कडेला बांधल्या, त्यामागे चांगली जमीन वाचवणं जितकं होतं तितकाच हाही विचार होता.

चर अडीच फूट रुंद घ्या. तळाला एक फूट मुरूम, सहा-सहा इंचांच्या दोन थरांत, पाणी शिंपडून ठोकलेला. त्यावर काळ्या दगडाचं दीड-दोन फूट रुंद बांधकाम, दर पाच फुटांवर एक दगड आरपार जाणारा. दगडाच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या जागेत काढलेली काळी माती परत टाकू नका, तिथेही मुरूम भरा. शेजाऱ्यांचं बहुधा इथेच चुकलं असेल : फुगणारी माती पायाच्या अंगाला धरून त्यालाच वर उचलते, आणि कोपरा आधी फाटतो कारण तिथे ओल दोन बाजूंनी येते. जोतं जमिनीवर दीड फूट.

भिंत दीड फूट जाडीची, उंची आठ फुटांपुढे नको. जाडीच्या आठपटीपेक्षा उंच मातीची भिंत आम्ही सुचवणार नाही, आठ फूट तर तिच्या बरीच आत आहे. एक रद्दा, म्हणजे भिंतीचा एका वेळी चढवायचा थर, दीड फुटाचा, तो वाळायला हवेप्रमाणे पाच ते आठ दिवस. अंगठा दाबून खळगा पडला नाही की पुढचा रद्दा चढवा. दार कोपऱ्यापासून सुमारे चार फूट दूर ठेवा. दहा फुटांच्या भिंतीत ते साडेतीन फुटांचं केलंत तर एका बाजूला कमी पडेल, म्हणून दार अडीच फुटांचं आणि कोपऱ्यापासून पावणेचार-पावणेचार फूट सोडून मधोमध घ्या. चौकटीवरची फळी दोन्ही बाजूंनी निदान फूटभर भिंतीत शिरली पाहिजे. जवळ कडुनिंब किंवा पिंपळ असेल तर झाडाच्या उंचीएवढं अंतर राखा. झाड उन्हाळ्यात एकाच बाजूची ओल ओढतं आणि पाया तिकडे कलतो.

प्रश्न : बांबूच्या वाशांतून पिवळं पीठ पडतं. औषध सांगा. (देवास)

उत्तर : तो घुण आहे. बांबूतल्या पिष्टासाठी तो येतो. म्हणून बांबू पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात, तीन वर्षांच्या पुढचा तोडतात आणि तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात किंवा तळ्यात दगडाखाली बुडवून ठेवतात. पिष्ट पाण्यात उतरतं. नव्या बांबूला टाकणखार तीन किलो आणि बोरिक पावडर दोन किलो, १०० लिटर पाण्यात, सात दिवस भिजवून सावलीत वाळवा. पेरांच्या आतल्या पडद्यांना लांब सळईने भोकं पाडल्याशिवाय द्रावण आत जात नाही. हे औषध पाण्याने धुऊन जातं, तेव्हा वळचणीबाहेर आलेल्या टोकांना त्याचा भरवसा नाही. चढवलेल्या वाशांना तेच द्रावण ब्रशने तीनदा लावा. दाबल्यावर चिरडणारे वासे मात्र बदलाच.

प्रश्न : आमच्या गोठ्याचं वय कसं ओळखावं? कागदपत्र काहीच नाही. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : खिळ्यांपासून सुरुवात करा. चौकोनी, डोकं वेडंवाकडं असलेले खिळे लोहाराने ठोकलेले. गोल, एकसारखे असतील तर ते कारखान्यातले, नंतरचे. तुळईवर वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) उथळ खळग्या असतील तर लाकूड हाताने तासलेलं. तिरक्या, कमी-जास्त रेघा असतील तर हातकरवत. गोल वळणाच्या रेघा म्हणजे यंत्राची आरागिरणी.

मंगलोरी कवेलू असेल तर पालथा करून पाहा, पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला आणि खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली ती १८७० च्या दशकात. तेव्हा असा कवेलू त्याआधीचा असणं जवळजवळ अशक्य. पण कवेलू वारंवार बदलले जातात, त्यांच्यावरून फक्त छपराचं वय कळतं.

लाकूडही फसवतं. ज्यांत आता काहीच बसलेलं नाही अशा रिकाम्या खाचा तुळईत दिसल्या तर ती आधी दुसऱ्या कुठल्या घरात होती. गोठ्यासाठी वाड्यातलं उतरलेलं सागवान वापरणं अगदी नेहमीचं. जोत्याचा दगड आणि भिंतीचा सगळ्यात खालचा रद्दा हेच सहसा मूळचं असतं. दुरुस्तीआधी त्यांचे फोटो काढा, प्रत्येक बाजूचं माप लिहून ठेवा, खिळा काढलात तर तो कुठला ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका.

प्रश्न : गोठ्याला आतून चुना मारायचा आहे. प्रमाण? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : कळीचा चुना घ्या, पिशवीतली फक्की नको. पिंपात आधी पाणी, मग चुना थोडा थोडा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून डोळ्यांत जातो. चष्मा लावल्याशिवाय हात घालू नका आणि जनावरं त्या दिवशी बाहेर बांधा. वर दोन बोटं पाणी राहील असं झाकून निदान दोन आठवडे ठेवा, नंतर कपड्यातून गाळा. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी, भिजवलेला डिंक थोडासा. भिंत आधी ओलसर करून पातळ तीन हात द्या, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस. पहिला हात ओला असताना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून लोक घट्ट करून मारतात आणि तो पोपडे होऊन गव्हाणीत पडतो. जनावरं चाटतील तेवढ्या उंचीपर्यंत चुना नको, तिथे शेणमातीचाच हात ठेवा.